पाण्याचा माठ, सोलापूर पंप आणि आपली टाकी

वेळापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक अर्धनारीनटेश्वराचं देऊळ आणि दुसरा माउलींच्या पालखीचा मुक्काम. देवळाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. रामचंद्रदेव यादवाच्या काळातले शिलालेख इथं आहेत, अभ्यासक येतात, ठसे घेतात, फोटो काढतात. पण त्या देवळाच्या आसपास सातशे वर्षं जी घरं उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली, त्या घरांतली माणसं काय पाणी प्यायली, कशानं आजारी पडली आणि लेकरं कशी जगवली, हे कुठल्याच दगडावर कोरलेलं नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळानं मला ‘कुटुंबाचं आरोग्य’ हा विषय दिला. आरोग्याचे सल्ले आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर रोज सकाळी चहाच्या आधी येऊन पडतात, त्यात मी आणखी भर घालत नाही. त्यापेक्षा हा इतिहास सांगतो. तो मुख्यतः पाण्याचा आहे.

जुन्या घरात पाणी तीन ठिकाणी असायचं. सोप्यात किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उतरंडीशेजारी पिण्याचा माठ, न्हाणीपाशी रांजण किंवा हौद, आणि बाहेर जनावरांची डोणी. हे सगळं भरायचं काम बाईचं. आड जवळ असला तर पोहरा आणि दोर, नसला तर डोक्यावर दोन घागरी आणि कडेवर तिसरी. उन्हाळ्यात आड आटले की ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचं. घराचं आरोग्य म्हणजे त्या बाईच्या फेऱ्यांची संख्या, असं म्हटलं तरी चालेल. कारण पाणी कमी आलं की पहिली काटछाट हात धुण्यात आणि अंघोळीत व्हायची, पिण्यात नाही.

त्या पाण्यातून घरात काय काय यायचं, त्यात पहिला मान पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा. हा रोग आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला असं काही जण म्हणतात, ते खरं नाही. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं त्याचं वर्णन केलं आहे. त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. आपल्या ‘मोडशी’ या शब्दाचं पोर्तुगीजांनी ‘मोर्देशिम’ केलं, आणि फ्रेंचांनी ते ऐकून त्याचा चक्क ‘कुत्र्याचं मरण’ अशा अर्थाचा शब्द बनवला! ज्या साथीनं जग हादरलं ती मात्र १८१७ साली बंगालात जेसोरकडे सुरू झाली. तिकडं पेशवाई आणि इंग्रज यांची शेवटची लढाई चाललेली, फौजा इकडून तिकडं फिरत होत्या, आणि फौजेबरोबर रोगही फिरला. १८१८ मध्ये तो मुंबईपर्यंत पोचला होता.

गावाकडे त्याला मरीआईचा कोप म्हणायचे. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-ओकारीनं संध्याकाळपर्यंत जायचा. घरात एक गेला की त्याची सेवा करणारी दुसरी जायची. मग मरीआईचा गाडा काढायचा, लिंब, नारळ, हळदीकुंकू घालून तो शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाची माणसं तो गाडा आणखी पुढं ढकलायची. आज आपल्याला हसू येईल. पण रोग एका गावातून दुसऱ्या गावात जातो हे त्या माणसांना पक्कं कळलं होतं. कशातून जातो, तेवढं कळलं नव्हतं.

पंढरीच्या वाटेवरच्या गावांना याचा जाच जास्त. आषाढीच्या वेळी लाखो माणसं नदीच्या एकाच काठावर, त्यात नुकताच पडलेला पाऊस, आणि सगळी घाण वाहून पाण्यात. वारीहून परतणाऱ्या माणसांबरोबर पटकी गावोगाव जायची. इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या अहवालांत याचा सगळा दोष वारकऱ्यांच्या माथी मारला. मला ते अर्धवट वाटतं. चालत आलेला माणूस तहानलेला असतो, जे पाणी दिसेल ते पितो. स्वच्छ पाणी आणि संडासाची सोय ही ज्यांनी करायची त्यांनी यात्राकर घेतला, पण सोय गर्दीच्या मानानं कायम तोकडीच राहिली. पुढं विसाव्या शतकात टोचून घेतल्याशिवाय वारकऱ्याला पंढरपुरात शिरू द्यायचं नाही अशी सक्ती झाली. ‘पंढरीला निघालास तर दंड मोकळा ठेव’ असं जुनी माणसं चेष्टेनं म्हणायची, ते या टोचणीवरून.

तिकडं लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरानं ब्रॉड स्ट्रीटवरच्या मृतांची घरं नकाशावर मांडली, आणि त्यातली बहुतेक एका सार्वजनिक पंपाभोवती गोळा झालेली दिसली. पंपाचा दांडा काढून टाकायला त्यानं तिथल्या पॅरिशच्या मंडळाला भाग पाडलं. रोगाचा जंतू कोणता, यावर मात्र तीस वर्षं वाद चालला. रॉबर्ट कॉख कलकत्त्याला आला, आणि १८८४ मध्ये तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात त्याला स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला. त्या तळ्यावर लोक धुणं धुवायचे, अंघोळ करायचे आणि पाणीही तेच प्यायचे. असली तळी आपल्याकडे काय कमी होती?

प्लेगची गोष्ट वेगळी, पण ती इथं सांगायलाच हवी, कारण तिचा संबंध थेट आपल्या सोसायटीशी येतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला, पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या, लोकांची देवघरं आणि स्वयंपाकघरं सोजिरांनी तुडवली, आणि जूनमध्ये रँडचा खून झाला. याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत हाफकिननं मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. गावाकडे मात्र लोकांचा एकच उपाय: घरात उंदीर पडला की गाव सोडायचं आणि रानात पाल्याच्या झोपड्या घालून राहायचं. हा उपाय चांगलाच शास्त्रशुद्ध निघाला. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते, असं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. उंदीर मेला की पिसवा माणसाकडे वळतात, म्हणजे त्या वेळी घरात न राहणंच शहाणपणाचं.

आता सोसायटीचा संबंध. प्लेगनं मुंबईतल्या अंधाऱ्या, कोंदट चाळी उघड्या पाडल्या. १८९८ मध्ये सरकारनं शहर सुधारणेसाठी ट्रस्ट काढला, रुंद रस्ते आखले, दादर-माटुंग्याकडे मोकळ्या वसाहतींची आखणी केली. पण सरकारनं जमीन आखली म्हणून मध्यमवर्गीयाला घर मिळत नाही. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी सारस्वत मंडळींना एकत्र करून १९१५ साली गावदेवीला सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात म्हणून तिचं नाव घेतलं जातं. भाग, भांडवल, सभासदांची सभा, सामाईक खर्च, सगळं तेव्हापासूनचं. आज आपण सामासिक अंतर सोडलं नाही म्हणून एखाद्या सभासदाशी भांडतो, तेव्हा त्या अंतरात किती माणसांचे जीव गुंतलेले होते हे लक्षात घ्यावं. दोन घरांमध्ये हवा आणि ऊन यावं, ही मागणी साथींनी शिकवलेली आहे.

देवी, मानमोडी, हिवताप यांचा इतिहासही मोठा आहे. मुंबईत १४ जून १८०२ ला तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला पहिली देवीची लस टोचली गेली, आणि देशातला शेवटचा देवीचा रोगी सापडायला १९७५ साल उजाडलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे ‘मानमोडी’ हे किती अचूक नाव पडलं होतं! नीरा उजव्या कालव्याचं पाणी माळशिरस तालुक्यात आलं, ऊस आला, पैसा आला, आणि साचलेल्या पाण्याबरोबर डासही आले. फवारणीवाले घराच्या भिंतीवर डीडीटी मारून दारावर तारीख लिहून जायचे, ते पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल. पण मला जास्त सांगायचं आहे ते नारूबद्दल, कारण नारू आपण विसरलो आहोत.

तिशीच्या आतल्या मुलांना नारू म्हणजे काय हे सांगावं लागतं. पायावर फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. दोन-तीन फूट लांब. तो ओढला तर तुटायचा आणि पाय सुजून पिकायचा. म्हणून रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत बाहेर काढायचा. महिना-महिना जायचा. ऐन पेरणीत किंवा सुगीत घरचा कर्ता माणूस खाटेवर! ज्या घरात दोघांना एकदम नारू झाला, त्या घराचं वर्ष गेलं.

हा जंत यायचा पायऱ्यांच्या विहिरीतून, बारवेतून. माणूस पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात जायचा. पायाला पाणी लागलं की नारूची आग थांबायची, म्हणून मुद्दाम पाय बुडवायचा. तेवढ्यात जंत हजारो पिलं पाण्यात सोडायचा. ती पिलं पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारक्या किड्याच्या पोटात जायची, आणि दुसरा माणूस ते पाणी प्यायला की त्याच्या पोटात. फोड यायचा तो जवळपास वर्षानं. वर्षापूर्वी प्यायलेलं पाणी आज पाय धरतंय, हे कोणाला कळणार? आमच्या पूर्वजांनी बांधलेल्या बारवा म्हणजे स्थापत्याची लेणी आहेत, त्यांचं जतन व्हायलाच पाहिजे, पण पाणी प्यायला त्या घातक होत्या.

नारूवर औषध नव्हतं, लस नव्हती, आजही नाही. १९८३-८४ मध्ये भारत सरकारनं नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे ४० हजार रोगी होते. आरोग्य कर्मचारी घरोघरी फिरले. पाणी दुहेरी कापडातून गाळा, नारूवाल्या माणसाला विहिरीत उतरू देऊ नका, पायऱ्या बंद करा आणि कठडा बांधून रहाटानं पाणी काढा, एवढंच सांगायचे. सायक्लॉप्स कापडात अडकतो, म्हणजे नारू दारातच अडला. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रोगी सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. आपल्या संस्थेची जुळवाजुळव चालली होती तो हाच सुमार. एवढा मोठा रोग देशातून गेला आणि गावात साधा फटाकाही वाजला नाही.

कापडावरून आठवलं. बांगलादेशात रिटा कॉलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या बायकांना जुन्या साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळायला सांगितलं. पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्यानं घटले. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झालं. पटकीचा जंतू कापडापेक्षा कितीतरी बारीक असतो, पण तो पाण्यातल्या बारक्या किड्यांना चिकटून राहतो, आणि किडे कापडात अडकतात. नवी साडी नव्हे, जुनी, धुवून धुवून मऊ पडलेली. तिचे धागे फुगतात आणि छिद्रं आवळतात. आपल्या आज्या घागरीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा फडका बांधायच्या, ते काही उगीच नव्हतं.

आता सोलापूर पंपाकडे येतो. हा पंप आपल्या जिल्ह्याच्या नावाचा आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांना तो माहीत नाही याचं मला नवल वाटतं.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती माणसं आपल्या सोसायटीत अजून आहेत. खडी फोडायला गेलेली, मिलो आणि सुकडी खाल्लेली. विहिरी कोरड्या ठणठणीत पडल्या. आपला काळा पाषाण हातानं फोडून विहीर खोल करायला महिने लागतात. अशा वेळी हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं आली, जी बारीक भोक पाडत काही तासांत शे-दीडशे फूट खाली जायची. यालाच आपण बोअर म्हणतो. युनिसेफनं अशी यंत्रं देशात आणायला साठीच्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली होती. पाणी लागलं. पण ते वर कसं काढायचं? वीज नव्हती. हातपंप बसवले ते बिडाचे, परदेशातल्या शेतावरच्या एखाद्या कुटुंबासाठी बनवलेल्या पंपाच्या नकला. तिकडं दिवसाला चार बादल्या, इकडं पहाटे चारपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव. दांडा मोडायचा, खिळा झिजायचा. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद सापडले. पंप बंद पडला की बाई पुन्हा ओढ्यावर, म्हणजे पुन्हा नारू आणि पुन्हा पटकी.

चांगले पंप दोन ठिकाणी चालत होते, आणि दोन्ही महाराष्ट्रात. मिशनच्या कामातून जालन्यात एक घडला होता आणि त्याच्या पाठोपाठ सोलापुरात दुसरा. सोलापूर पंपाची युक्ती साधी होती. दांडा एकाच आसावर फिरणारा, आणि दांड्याच्या टोकाला साखळी. दांडा वरखाली होतो पण साखळी खालची सळई कायम सरळ वर ओढते, तिरकी ओढत नाही, त्यामुळे झीज कमी. बिडाऐवजी पोलाद. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्यालाही करता येईल असं काम. युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रूडास ही सरकारी कंपनी यांनी सोलापूर पंपाचा पाया घेऊन त्यात बॉल बेअरिंग घातलं, तळ काँक्रीटमध्ये पक्का केला, वरून झाकण बंद केलं, कोईमतूरकडे विहिरींवर चालवून पाहिला, आणि सत्तरीच्या दशकाच्या शेवटी ‘इंडिया मार्क टू’ बाहेर पडला. नव्वदीच्या मध्यापर्यंत असे सुमारे पन्नास लाख पंप जगभर बसले होते. आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात जी बाई आज दांडा मारून घागर भरते, तिच्या पंपाच्या वंशावळीत सोलापूर आहे. चादरीचं आणि शेंगाचटणीचं कौतुक आपण सगळीकडे सांगतो, हेही सांगत जावं.

बोअरचं पाणी जमिनीच्या पोटातून, बंद नळीतून येतं. त्यात पाय बुडत नाही, पोहरा पडत नाही. नारू जाण्यात कर्मचाऱ्यांच्या पायपिटीइतकाच या पंपाचाही वाटा आहे.

पाणी घरात स्वच्छ आलं तरी माठात हात घातला की संपलं. म्हणून लांब दांड्याचं ओगराळं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरबाई घरात आल्या की पहिली नजर माठाकडे टाकायच्या. आणि तरीही लेकराला जुलाब लागलेच तर जलसंजीवनी. तिची कथा १९७१ ची. बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमध्ये बनगावला, पटकीनं माणसं पटापट मरत होती. शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून पिंपातून पाजायला सुरुवात केली. शेकड्याला तीस मरत होते तिथं तीन-चारावर आले. घरी करायची तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडता कामा नये, ते धोक्याचं. मूल पाणीही पिईना, मलूल झालं, किंवा शौचातून रक्त पडलं तर मात्र घरात बसू नये.

पाण्याबाहेरचे धोकेही होते. धुराची चूल, भपकन पेटणारा स्टोव्ह, सरपणातला विंचू. विंचवाच्या विषानं हृदय खचून लहान मुलं दगावायची. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून, रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध वापरून ऐंशीच्या दशकात हे मृत्यू रोखून दाखवले. ‘लॅन्सेट’सारख्या मासिकानं ते छापलं. आता चूल गेली, गॅस आला. त्याबरोबर बाथरूममधला गॅस गिझरही आला. खिडकी बंद करून तो लावू नये, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासाशिवाय माणूस मारतो.

२०२० मध्ये आपल्याला वाटलं होतं ते सगळं जुनं संपलं, तेव्हाच कोरोना आला. महाराष्ट्रात त्यासाठी वापरला तो १८९७ चाच कायदा. त्या वर्षी माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि वेळापुरात मुक्काम पडला नाही. धाव्याचा माळ मोकळा राहिला. बाहेरून आलं की आधी पाय धुवायचे ही आज्यांची रीत आपण साबणासकट पुन्हा शिकलो.

राहता राहिली आपली टाकी. सुरुवातीला प्रत्येकानं आपापली सोय पाहिली, मग सामाईक टाकी झाली. टीसीएल पावडर किती टाकायची यावर पहिल्या काही वर्षांत जे वाद झाले ते इतिवृत्तात आहेत. वास आला म्हणून चार घरांनी तक्रार करायची, वास नाही म्हणून पाचव्यानं. ओटी टेस्ट करून रंग बघायचा एवढा साधा मार्ग असताना आवाज चढवून प्रश्न सोडवायची आपली जुनी सवय. आता बहुतेक घरांत जारचं पाणी येतं. पण जार गार असतो म्हणजे स्वच्छ असतो असं नाही, आणि डेंग्यूचा डास तर स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा असं आरोग्य खातं सांगतं. आपल्या गल्लीत गच्चीवरच्या किती टाक्यांना झाकण नाही ते मी मागच्या महिन्यात मोजलं. आकडा इथं छापत नाही, ज्याचं त्याला माहीत आहे.

सामाईक टाकीच्या झाकणाची बिजागरी पावसाळ्यात गंजून तुटली, तेव्हापासून झाकणावर दगड ठेवलेला आहे. नव्या झाकणाचा आणि वर्षातून दोनदा टाकी धुण्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरायचा की वेगळी वर्गणी काढायची, हा विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेत पाचवा आहे.